उंसाच्या मळ्यांतील आगगाडी

आगगाडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर तिकीटघर, लाल डगल्याचे हमाल आणि फलाटावरील धांवपळ उभी राहते. परंतु रुळांचा इतिहास ज्यांनीं चाळला आहे त्यांस हें ठाऊक आहे कीं, रूळ हा मनुष्याच्या प्रवासासाठीं जन्मास आलाच नाहीं. तो जन्मला मालासाठीं, आणि तोहि जमिनीच्या पोटांत. खाणवाल्यांच्या या अपत्यानें पुढें शेतकऱ्याच्या घरीं कसा प्रवेश केला, व आमच्या कोपरगांवाच्या पंचक्रोशींत येऊन तें नाहींसें कसें झालें, हें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

कोपरगांवास परिचित असलेली मोठी आगगाडी म्हणजे दौंड-मनमाड मार्गाची. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळाच्या पाठोपाठ, १८७८ सालीं, हा मार्ग सुरू झाला. कोपरगांव, कान्हेगांव, चांगदेवांच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेलें पुणतांबें, मग बेलापूर रोड म्हणजे आजचें श्रीरामपूर, अशीं स्थानकें घेत तो नगरकडे जातो. त्याचें वेळापत्रक छापलेलें असे, त्याचा हिशेब सरकार ठेवी. पण याच मुलखांत आणखी एक आगगाडी धांवत होती. तिला तिकीट नव्हतें, वेळापत्रक नव्हतें, आणि तिचा उतारू एकच, तो म्हणजे ऊंस. बेलापूर कंपनीच्या हरेगांवापासून कोपरगांवाजवळच्या साकरवाडीपर्यंत साखर कारखान्यांच्या मळ्यांतून दोन फूट रुंदीचे हे रूळ अंथरलेले असत. लोक त्यांस 'ट्रॉली लाइन' म्हणत. आज ती लाइन नाहीं.

प्रथम तिच्या कुळाचा विचार करूं. १५५६ सालीं अॅग्रिकोला नांवाच्या जर्मन पंडिताचा खाणविद्येवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत खाणींतील एका लहान गाडीचें वर्णन व चित्र आहे. दोन लांकडी फळ्यांवरून ती चाले, आणि तिच्या बुडास ठोकलेली खुंटी फळ्यांमधील फटींत अडकून तिला सरळ नेई. ही गाडी चालतांना भुंकल्यासारखा आवाज होई, म्हणून खाणवाले तिला 'कुत्रा' म्हणत. आजच्या रुळांचें मूळ या फळ्यांच्या जोडींत आहे. बोगदा खोदावयाचा तो मनुष्य वांकून जाईल एवढाच, कारण प्रत्येक वीतभर रुंदी म्हणजे अधिक मजुरी. त्यामुळें गाडी अरुंद व रूळहि अरुंद. पुढें जिला 'नॅरोगेज' असें नांव पडलें तिचा उगम या काटकसरींत आहे.

वेल्स प्रांतांत फेस्टिनिऑग येथें पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. तेथून बंदरापर्यंत साडेतेरा मैलांचा, दोन फुटांस अर्धा इंच कमी रुंदीचा मार्ग १८३६ सालीं सुरू झाला. खाणी डोंगरावर, बंदर खालीं. तेव्हां भरलेल्या गाड्या उतारावरून आपोआप धांवत व रिकाम्या गाड्या घोडे वर ओढून नेत. गंमत अशी कीं, खालीं येतांना घोड्यांसहि एका खास डब्यांत उभें करून आणीत, म्हणजे ज्यानें गाडी ओढावयाची तोच गाडींत बसून परत येई. आमच्या घरांतील मुलांस ही हकीकत सांगितली तेव्हां घोड्याचें भाडें कोण देई, असा प्रश्न आला. १८६३ सालीं या मार्गावर वाफेचीं इंजिनें आलीं. एवढ्या अरुंद रुळांवर इंजिन चालणें अशक्य, असें तोंवर बरेच जाणते म्हणत. तें मत तेथें खोटें ठरलें, आणि देशोदेशींचे इंजिनियर तें पाहण्यास जाऊं लागले.

आपल्याकडे अरुंद मार्गाचा पहिला मान मराठी राज्याचा आहे, हें येथें मुद्दाम नमूद करतों. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दींत, १८६२ सालीं, डभोई ते मियागांव हा अडीच फुटी मार्ग झाला. त्यावर आरंभीं बैल जुंपीत. रुळांवर बैल हें ऐकून आज हंसूं येईल, पण हिशेबाच्या दृष्टीनें त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. मातीच्या रस्त्यावर जें ओझें एका जोडीस जड जातें, त्याच्या कित्येक पट ओझें तीच जोडी रुळांवर लीलेनें ओढते. पुढें १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे व १९०७ सालीं नेरळ-माथेरान हे मार्ग झाले. ते उतारूंचे असल्यामुळें सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांविषयीं येथें विस्तार नको.

खाणींतला रूळ शेतांत आणण्याचें श्रेय देकोव्हील नांवाच्या फ्रेंच गृहस्थाकडे जातें. पॅरिसजवळ पेती-बूर येथें त्याची मोठी शेती होती. १८७५ च्या सुमारास त्याच्या शेतांत बीटाचें, म्हणजे ज्यापासून साखर काढतात त्या कंदाचें, उदंड पीक आलें. पण जमीन पावसानें इतकी भिजली कीं गाड्यांचीं चाकें रुतूं लागलीं आणि पीक बाहेर काढतां येईना. तेव्हां त्यानें लोखंडी शिडीसारखे रुळांचे तुकडे तयार केले. दोन रूळ, त्यांच्या खालीं पोलादी आडव्या पट्ट्या, सर्व एकजीव. असा तुकडा दोघांनीं उचलावा, जमिनीवर टाकावा, दुसऱ्यास जोडावा, आणि काम संपतांच उचलून पुढल्या वाफ्यांत न्यावा. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत याच्याच अरुंद गाडीनें साठ लाखांहून अधिक प्रेक्षकांची ने-आण केली, आणि मग मळेवाल्यांची या रुळांसाठीं जगभर रीघ लागली. साखरेच्या पिकासाठींच ही युक्ति निघाली आणि अखेर साखरेच्याच पिकासाठीं ती आमच्या गोदातीरीं आली, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

पहिल्या महायुद्धांत हेच अरुंद रूळ फ्रान्समधील खंदकांपर्यंत दारूगोळा नेण्यास वापरले गेले. युद्ध संपतांच इंजिनें व रूळ यांचे ढीग विक्रीस निघाले आणि त्यांतील कांहीं हिंदुस्थानांतील साखर कारखान्यांनीं घेतले. बाल्डविन कंपनीनें १९१७ सालीं अमेरिकेंत बांधलेलें असेंच एक इंजिन संयुक्त प्रांतांतील दौराला येथील साखर कारखान्यांत कित्येक वर्षें ऊंस ओढीत होतें. तें पुढें इंग्लंडांत लेटन बझार्ड येथें गेलें व दुरुस्त होऊन पुन्हां वाफेवर धांवूं लागलें. लेटन बझार्डचा मार्ग तरी कसला? १९१९ सालीं वाळूच्या खाणींसाठीं टाकलेला! अमेरिकेंत जन्म, फ्रान्समध्यें रणांगण, दौराल्यास ऊंस आणि उतारवयांत वाळूची खाण. लोखंडालाहि कुंडली असती तर ज्योतिष्यानें तींत परदेशगमनाचा योग खचित सांगितला असता.

आतां गोदावरीकांठीं येऊं. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर-मधमेश्वर येथील बंधारा व दारणा नदीवरील धरण यांच्या आधारें गोदावरीचे डावा व उजवा असे दोन कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत वाहूं लागले. हेतु दुष्काळनिवारणाचा होता. ज्वारी-बाजरीस वेळेवर पाणी मिळावें, म्हणजे पुन्हां १८७६ ची आपत्ति येऊं नये. परंतु पावसाच्या भरंवशावर ज्वारी करणारा शेतकरी पाणीपट्टी भरून ज्वारीसच पाणी देईना, आणि सरकारास तर कालव्याचा खर्च भरून निघावयास हवा होता. यास्तव उंसाकडे लक्ष वळलें. सासवडकडील माळी समाजाचे कसबी बागाईतदार या कालव्यांवर आले, त्यांनीं खंडानें जमिनी घेतल्या, गुऱ्हाळें घातलीं. या भागांतील बागाइताचा पाया त्यांच्या घामाचा आहे. नंतर जागतिक मंदी आली, गुळाचे भाव कोसळले. १९३२ च्या कायद्यानें परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, आणि गुळाच्या जागीं पांढऱ्या साखरेचा धंदा फायद्याचा ठरला.

हरेगांवची बेलापूर कंपनी याच्या आधींची, १९१९ च्या सुमाराची. मंदीनंतर मात्र कारखान्यांची रांगच लागली. टिळकनगरचा महाराष्ट्र शुगर मिल्स, पुणतांब्याजवळील चांगदेव, आणि १९३९ सालीं करमशी जेठाभाई सोमैया यांनीं स्थापिलेली गोदावरी शुगर मिल्स ही कंपनी, जिचे साकरवाडी व लक्ष्मीवाडी हे दोन कारखाने कोपरगांवच्या बाजूचे. या कालव्यांनीं शेतकऱ्याचें खरोखर किती हित झालें याचा घरोघर फिरून हिशेब मांडण्याचें काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें केलें. धनंजयराव गाडगीळांचा तो अहवाल १९४८ सालीं निघाला. ज्यांस आंकड्यांची आवड असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

साखर कारखान्यास स्वतःचा मळा व त्या मळ्यांत रूळ कां लागत, हें समजण्यास उंसाचा स्वभाव ध्यानांत घ्यावा लागतो. ऊंस तोडल्याक्षणापासून त्यांतील साखर बिघडूं लागते. उन्हाळ्यांत तर एक दिवसाचा उशीरहि उताऱ्यांत दिसतो. त्यांतून काळी जमीन, पाटाचें पाणी आणि लोखंडी धांवांच्या बैलगाड्या! ओल्या रानांत आंसापर्यंत रुतलेली गाडी चार जोड्या लावून ओढावी लागे, आणि इकडे कारखान्याचे चरक रिकामे फिरत. गाळप एकदां सुरू झालें कीं रात्रंदिवस चालावें लागतें. थांबलें तर बाष्पकांतील आंच फुकट, रस आंबतो, मजुरी मात्र चालूच. म्हणून कारखान्याच्या दारापासून मळ्याच्या मध्यापर्यंत कायमचा रूळ आणि त्यापासून वाफ्यावाफ्यांत जाणारे उचलते फांटे, अशी रचना करीत. तोडणारीं माणसें मोळ्या बांधून उघड्या ट्रॉल्यांत रचीत. फांट्यावरून त्या ट्रॉल्या बैलांनीं किंवा माणसांनीं मुख्य मार्गापर्यंत ढकलावयाच्या, तेथें त्यांची माळ लावावयाची, आणि मग लहानसें इंजिन ती माळ कारखान्याच्या कांट्यावर नेई. वजन झालें कीं मोळ्या गव्हाणींत पडत व रिकाम्या ट्रॉल्या रानाकडे परतत.

असल्या मळ्यांसाठीं इंजिनें लीड्सच्या जॉन फाऊलर किंवा बर्लिनच्या ओरेनस्टाइन-कोप्पेल यांसारख्या कंपन्या बांधीत. मोठ्या आगगाडीचें इंजिन पाहिलेल्यास तें खेळण्यासारखें वाटावें, इतकें तें लहान. रूळहि इतके हलके कीं मुख्य मार्गाच्या एका रुळाच्या वजनांत यांचे चार-पांच सहज बसावे. पण हलकेपणा हाच त्यांचा गुण. तीव्र वळण घ्यावें, पाटावरील साध्या मोरीवरून जावें, आणि पीक फिरलें कीं मार्गहि फिरवावा. मोठ्या रुळाची अशी कल्पनाहि करवत नाहीं. मळ्यांत वाढलेल्या पिढीच्या आठवणींत ही गाडी अद्याप आहे. मंद चालणाऱ्या ट्रॉलींतून ऊंस ओढून पळण्याचा पराक्रम न केलेला मनुष्य त्या पिढींत विरळा, आणि सांधेवाल्याच्या शिव्या त्यांस आजहि तोंडपाठ आहेत.

येथवर सर्व गोड झालें. परंतु हे रूळ ज्या जमिनीवरून जात ती जमीन कोणाची, हा प्रश्न गोड नाहीं. एवढाल्या मळ्यांसाठीं सलग जमीन हवी, आणि आपल्याकडे शेतें तर तुकड्यातुकड्यांचीं. हरेगांवच्या मळ्यासाठीं १९१८ सालीं सरकारनें नऊ गांवांतील सात हजारांहून अधिक एकर जमीन घेऊन कंपनीस दिली. इतरत्र कारखान्यांनीं शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडानें जमिनी घेतल्या. मंदींत कर्जानें वाकलेल्या घरास वर्षाचा रोख खंड हा त्या वेळीं आधार वाटला, हें खरें. कोणीं पाणथळ झालेली जमीन दिली, कोणीं चांगली दिली. कांहींचे मालक नोकरीनिमित्त शहरांत असत व त्यांस घरबसल्या खंड मिळे. मग कंपनीनें बांध मोडले, सर्व रान एकसारखें केलें, सरळ रेषांत चाऱ्या काढल्या आणि रूळ टाकले. सर्व्हे नंबर कागदावर राहिले. जमिनीवर त्यांची खूण उरली नाहीं.

मुदत संपल्यावर जमीन परत येईल या विश्वासावर खंडपत्रें झालीं होतीं. तसें झालें नाहीं. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल मर्यादा कायदा १९६१ सालीं झाला व २६ जानेवारी १९६२ पासून अंमलांत आला. कारखान्यांच्या ताब्यांतील हजारों एकर मर्यादेबाहेर ठरले, आणि ते चालविण्यासाठीं १९६३ सालीं महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालें. मोठ्या जमीनदारीस आळा घालण्याचा हेतु सर्वथैव योग्य होता. पण ज्यांनीं कंपनीस खंडानें जमीन दिली ते मूळ मालक बहुधा पांच-दहा एकरांचे धनी. मर्यादा ओलांडली ती कंपनीनें, जमीन गेली ती मात्र यांची. या 'खंडकरी' शेतकऱ्यांनीं पुढें जवळजवळ अर्धशतक मोर्चे, अर्ज आणि खटले चालविले. अखेर कायद्यांत दुरुस्त्या होऊन २०१२ च्या सुमारास जमिनी परत देण्याचें काम सुरू झालें. तोंवर कराराखालीं सही करणारी पिढी गेली होती, तिचीं मुलेंहि थकलीं होतीं. एका नांवामागें वीस-पंचवीस वारस उभे राहिले. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस वारसनोंदीच्या वेळीं काय घडतें हें आम्हीं सांगावयास नको. मुंबईचा चुलता, अमेरिकेंतील पुतण्या आणि गांवांत राहून खटला लढविणारा धाकटा भाऊ, यांच्यांत कोणाचा वांटा किती, हा प्रश्न कायद्यानें सुटतो, परंतु घरांत सुटतोच असें नाहीं. आमच्या मतें जो गांवीं राहून कचेरीचे उंबरे झिजवीत होता त्याचें पारडें इतरांनीं आपण होऊन जड मानावें. पण हें मत सर्वांस रुचेल अशी आमची समजूत नाहीं.

आणि ट्रॉली लाइन? तिचें मरण याच गोष्टींशीं बांधलेलें होतें. रूळ उपयोगी पडतात ते सलग मळा एका धन्याच्या हातीं असेल तर. १९५० सालीं विठ्ठलराव विखे-पाटील व गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरेच्या कांठीं लोणी येथें सहकारी कारखाना सुरू झाला, पाठोपाठ कोपरगांव तालुक्यांत कोळपेवाडीसहि सहकारी कारखाना निघाला, आणि धंद्याची घडीच बदलली. आतां ऊंस येई तो शेंकडों सभासदांच्या लहानमोठ्या शेतांतून, वीस-तीस मैलांच्या टापूंतून. प्रत्येकाच्या बांधापर्यंत रूळ कोण नेणार? रबरी धांवांच्या बैलगाड्या, मग ट्रक, मग ट्रॅक्टर आले. पाटाच्या कडेनें पक्के रस्ते झाले. रुळांची दुरुस्ती परवडेना, इंजिनांस सुटे भाग मिळेनात, आणि मळे महामंडळाकडे गेल्यावर त्यांचें लक्षहि पूर्वीसारखें राहिलें नाहीं. जुनें लोखंड चांगल्या भावानें जातें, तेव्हां रूळ उपटून विकण्यास फारसा विचार करावा लागत नाहीं. हरेगांवचा कारखाना आज बंद आहे. साकरवाडीस अद्याप धूर निघतो, पण तेथें आतां मळीपासून मद्यार्क व रसायनें करतात.

ही लुप्त वाट शोधावयाची असेल तर कांहीं साधनें हाताशीं आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची नकाशांत ट्रामच्या रुळांस निराळी खूण असते. ते नकाशे व भूमिअभिलेख कचेरींतील गांवनकाशे शेजारीं ठेवून पाहावे. रानांत गेल्यावर चारीवरील अशी मोरी शोधावी जिच्या दोन्ही टोकांस आज रस्ताच नाहीं. दोन शेतांमधून सरळ जाणारा, बैलगाडीस फार अरुंद व पायवाटेस उगाच रुंद असा उंचवटा दिसला तर तेथें थांबावें. आम्ही अशा उंचवट्यांवरून हिंडलों तेव्हां दगडी खडी नांगराच्या तासांत वर आलेली आढळली; काळ्या रानांत ती आपोआप उगवत नाहीं. आणि गांवांतील गोठ्यांत डोकवावें. जुना हलका रूळ तुळईस, विहिरीच्या रहाटास, दाराच्या चौकटीवर वापरण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. रुळाच्या कमरेवर बहुधा करणाऱ्या कारखान्याचें नांव व साल उठविलेलें असतें. गंज खरडून, ओला फडका फिरवून, तिरप्या उजेडांत तें वाचावें.

एक गोष्ट मात्र कागदांतच सांपडेल. मळ्यासाठीं दिलेल्या जमिनीच्या जुन्या खंडपत्रांत चतुःसीमा लिहिलेल्या असत. पूर्वेस अमुक, पश्चिमेस ओढा, आणि मागाहून नवीन केलेल्या करारांत कोठें कोठें 'दक्षिणेस कंपनीची ट्रॉली लाइन' असाहि शेरा येण्याचा संभव आहे. बांध मोडलेल्या रानांत आपल्या आजोबांचें शेत नेमकें कोठें होतें हें ठरविण्यास असा एक शेरा किती उपयोगीं पडेल, हें वांटणीच्या वेळीं कळतें. ज्या घरीं अशीं खंडपत्रें, मळ्यांतील गाडीचें एखादें छायाचित्र किंवा अक्षरें उठविलेला रूळ असेल, त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें. कागद मूळचे पाठवूं नयेत. नक्कल पुरेशी आहे.